हळू चालण्याचा सराव

माझी नात मोबाइलवर काहीबाही बघत असते आणि मध्येच जाहिरात आली की अंगठ्याने ती उडवून लावते. "स्किप केलं," म्हणते. तास बुडवला तरी स्किप, सकाळचा नाश्ता नको असला तरी स्किप. आजच्या पोरांना हा शब्द एवढाच ठाऊक आहे. टाळणं, गाळणं, ओलांडून पुढे जाणं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि जित्याची खोड काही जात नाही. एकदा तिला म्हटलं, अगं, हा या शब्दाचा धाकटा अर्थ झाला, थोरला वेगळाच आहे. ती म्हणाली, "आजी, ते नंतर सांग." म्हणजे तिने मलाही स्किप केलं.

थोरला अर्थ मला कुठल्या शब्दकोशात सापडलेला नाही. तो मी माझ्या ताईच्या पायांत पाहिला. तो पुढे तिच्या पायांतून गेला, आणि तो घालवायला आम्ही सगळ्यांनी मिळून मेहनत घेतली, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

बाबा टेंभुर्णीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो आणि परतूर परभणीत. पोरांना इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, आणि बहुतेक ठिकाणी ते पाठांतरानेच चालायचं. बाबांची रीत वेगळी होती. ते म्हणत, शब्द आधी अंगात यावा लागतो, मग तोंडात, आणि सगळ्यांत शेवटी वहीत. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी जेवायच्या आधी क्रियापदं करून दाखवावी लागत. मी अंगाने गुटगुटीत आणि स्वभावाने सुस्त, त्यामुळे बसणं, झोपणं, खाणं, जांभई देणं ही खाती माझ्याकडे आली होती. ती मी इतकी जीव ओतून करायची की आई म्हणायची, हिला काय शिकवून राह्यले, हिला येतंच हाय. पळणं, चढणं, वळणं, उडी मारणं हे सगळं ताईचं. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, काडीसारखी बारीक, आणि घरात ती कुठून कुठे गेली हे कधी कुणाला दिसायचं नाही. ती गेलेली असायची एवढंच कळायचं.

एके दिवशी पाचवीच्या वर्गात बाबांनी 'स्किप' शब्द काढला. मी त्याच वर्गात होते. अर्थ विचारला तर एक पोरगा म्हणाला, उडी मारणं. बाबा म्हणाले, ते जम्प. दुसरा म्हणाला, लंगडी. ते हॉप. तिसरा म्हणाला, पळणं. बाबांनी मान हलवली. वर्गातली एक हुशार मुलगी म्हणाली, बागडणं. तिथे बाबा थांबले, कारण तो शब्द जवळचा होता. पण तोही त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "बागडणारा जिथल्या तिथं बागडतो. हा कुठं तरी चाललाय, पण चालला तसा न चालता."

मी पुढे खूप वर्षं या शब्दाला मराठी जोड शोधली. चालण्याच्या बाबतीत मराठी काही गरीब नाही. पोर दुडुदुडु चालतं, म्हातारी तुरुतुरु, नवी सून लगबगीने, चोर पावलं न वाजवता. कुणी झपझप जातं, कुणी रमतगमत, कुणी पाय ओढत. आपल्याकडे चाल सांगितली की माणूस सांगून होतो. पण कुठे पोचायची घाई नसताना, मागे कुणी लागलेलं नसताना, नुसतं अंग हलकं झालं म्हणून या पायावरून त्या पायावर उडत जाणं, त्याला शब्द नाही. मला वाटतं, ज्या गोष्टीकडे मोठी माणसं कौतुकाने बघत नाहीत तिला शब्द मिळायला उशीर लागतो.

त्या दिवशी बाबांनी दहावीच्या वर्गातून ताईला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, दाखव." ताईने परकर थोडा वर धरला आणि फळ्यापासून दारापर्यंत, दारातून बाहेर झेंड्याच्या खांबापर्यंत आणि तिथून परत अशी ती आली. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. परत येऊन ती बाबांकडे बघून हसली. तिला दमही लागला नव्हता. बाबा म्हणाले, "हे स्किप." त्यानंतर गावात ती दिसली की पाचवीची पोरं मागून ओरडत, शी इज स्किपिंग. ती मागे वळून त्यांना क्रियापदाचं दुसरं रूप विचारायची आणि पोरं पसार व्हायची.

तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. तेही पाचवीची. मोठ्यांना शिकवण्यात मजा नाही, म्हणायची, त्यांना लाज वाटते. मॅट्रिकनंतर डी.एड. करायचं हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं आणि अभ्यासात ती काही मागे नव्हती. पण तिचं नाव झालं ते खो-खोत. ती पळणारी होती. समोरच्या संघाची पोरगी खांबाशी तिला गाठायला आली की ताई तिला अशी हूल द्यायची की ती पोरगी खांबाला मिठी मारून उभी आणि ताई तीन गडी पलीकडे. एकदा त्यांचा संघ विभागाच्या सामन्यांना औरंगाबादला गेला. हरून आला, पण ताईला बाद करायला दमछाक झाली असं सगळे सांगत होते. आईला हे खेळणं फारसं पसंत नव्हतं. कोपरं खरचटून आलेल्या मुलीला हळद लावता लावता ती म्हणायची, "सासरी काय पळायला जायचंय तुला?"

आमच्या घरात धम्म आला तो छप्पन सालानंतर, आणि मुलीने शिकायचं हे आमच्याकडे गृहीतच होतं. त्यावर कधी चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती कुठे राहून शिकायचं यावर. डी.एड.साठी बाहेरगावी, होस्टेलवर राहावं लागणार होतं. दुष्काळाची सालं नुकतीच सरली होती, लोक अजून सावरत होते, आणि वयात आलेली पोर लांब ठेवायला आई बिलकुल तयार नव्हती. बाबांनी तिच्याशी चार महिने वाद घातला आणि शेवटी एक तोडगा निघाला. ताईचं लग्न करायचं, पण अशा घरी की जे तिला डी.एड. करू देईल. बाबांना यात आपण जिंकलो असं वाटलं. ताईला लग्नाची मुळीच घाई नव्हती, पण डी.एड.ची होती, आणि डी.एड.चा रस्ता आता मांडवातून जात होता. ती म्हणाली, चालेल.

पहिलं स्थळ आलं ते भोकरदनकडचं. ताई चहा घेऊन आली ती नेहमीसारखीच, म्हणजे आली आणि गेलीसुद्धा. कप पाव्हण्यांच्या हातात कधी पोचले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांच्यातल्या म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगी गोड हाय बाई, पर तिच्या पायाला थारा न्हाई." नकार आला तो याच वाक्यासकट. असं वाक्य गावात राहत नाही, एस.टी.ने फिरतं. महिन्याभरात आमच्या नात्यातल्या तीन बायकांनी ते आईला परत ऐकवलं, काळजी म्हणून.

मग मामा आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. जुन्या जालन्यात एका आडतीवर धान्याचे मापाडी होते आणि बोलतानाही मापात बोलल्यासारखे बोलायचे. एस.टी.तून उतरून ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले.

"दाजी, जागा अशी हाय की हातची सोडायची न्हाई," ते बाबांना म्हणाले. "परतूरचं घर. पोरगा हायस्कुलात मास्तर. बाप न्हाई, माय हाय, एक बहीण हाय. आन पोरीला पुढं शिकवायला बराबर तयार. त्याची माय सोता म्हणली, सुनंनं डी.एड. केलं तर आमाला आनंदच हाय."

ताई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"पन आपल्या पोरीचं त्यायला कोनी सांगितलं?" आईने विचारलं.

"त्यायच्या पोरीनं पाह्यलं म्हने. औरंगाबादला गेल्ती ती खेळायला. खो-खोच्या मैदानावर पाह्यलं."

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मैदानावर पाहिलं याचा अर्थ त्या दोघांनी एकच काढला. ते पायाला थारा नसल्याचं परतूरपर्यंत पोचलेलं आहे, आणि हे लोक तेच तपासायला येणार. मामांनाही तसंच वाटलं. म्हणाले, "पोरीला जरा धिमं चालायला सांगा त्या दिवशी. येवढंच."

येवढंच करणं बाबांना कधी जमलं नाही. ते शिक्षक होते. त्यांच्या मते जगात न येणारी गोष्ट नव्हती, फक्त सराव न केलेली गोष्ट होती. ज्या पोरांच्या जिभेला इंग्रजी उच्चार वळत नसे त्यांना ते ओठांसमोर कागदाचा कपटा धरून फुंकर मारायला लावत आणि कपटा हलेस्तोवर सोडत नसत. तीच चिकाटी त्यांनी इथे लावली. शाळेतून आले की अंगणात ताईचा सराव. लिंबाच्या झाडापासून उंबऱ्यापर्यंत. अंगावर आईचं जुनं लुगडं, हातात ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ पाण्याने भरलेले पेले. "टाच आधी टेकू दे," बाबा म्हणायचे. "एक पाय पूर्ण टेकला की मगच दुसरा. घाई न्हाई. आपल्याला कुठंच जायचं न्हाई."

सुरुवातीला आम्ही खूप हसलो. ताई दोन पावलं अगदी बरोबर टाकायची आणि तिसरं आपसूक उचललं जायचं. पेले हिंदकळायचे. आई ओसरीवरून म्हणायची, "गळ्यात लोढणं बांधा तिच्या, जल्दी शिकंल." ताईसुद्धा हसायची. मी तिच्या मागे मागे हत्तीसारखी चालून दाखवायची, कारण हळू चालणं हा माझा हातखंडा विषय होता. बाबा मला म्हणायचे, "तू शिकवतीस का तिला?"

पण ताई चांगली विद्यार्थिनी होती. तिला जे हवं होतं त्याच्यासाठी तिने हे शिकायचं ठरवलं आणि शिकली. पाव्हणे येईपर्यंत घरातही हळूच चालायचं असं बाबांनी सांगितलं, तर ती विहिरीवर, दुकानात, शेजारी, सगळीकडे हळू चालू लागली. वाटेत पोरं ओरडायची बंद झाली. एका संध्याकाळी ती लिंबापासून उंबऱ्यापर्यंत आली आणि पेल्यातलं पाणी हललं नाही. कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "शाब्बास." मला तेव्हा वाटलं, झालं, ताईचं काम झालं. एक जिवंत गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत थांबली आणि आम्ही तिला शाब्बास म्हणालो.

बाबांनी आणखी एक पढवून ठेवलं. खो-खोचं विचारलंच, तर सांगायचं की सोडलं. त्यात खोटंही नव्हतं. शाळा संपली होती, संघही संपला होता.

परतूरची माणसं सकाळच्या वेळी आली. रेल्वेने जालन्यापर्यंत आणि तिथून एस.टी.ने. मुलगा सडपातळ, खिशाला पेन, बोलण्यात सौम्य. बाबांशी त्याने लगेच शाळेच्या गोष्टी सुरू केल्या आणि बाबांना तो इतका आवडला की त्यांचे कान लाल झाले. त्याची आई दणकट बाई, पण खाली सतरंजीवर बसेना. "माझे गुडघे गेले बाई," म्हणत ती बाजेवर बसली. त्याची बहीण ताईच्याच वयाची होती. ती बसलीच नाही. दाराशी उभी राहून सारखी आत डोकावत होती, जत्रेत आल्यासारखी.

ताई आली. स्वयंपाकघर ते बैठक हे अंतर एरवी तिला उंबरा ओलांडण्याएवढं होतं. त्या दिवशी ते संपता संपेना. टाच, मग पंजा. एक पाय पूर्ण टेकला की दुसरा. कप हलले नाहीत, बशीत थेंब सांडला नाही. बाबा कपांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांसमोर वर्गाने एका सुरात उत्तर दिल्यावरही मी तो तसा पाहिला नव्हता.

पाव्हणे मात्र कपांकडे बघत नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या त्या बहिणीचं हसू हळूहळू मावळलं. तिने आपल्या आईकडे पाहिलं. त्या बाईने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, जरा पानी आनता का?"

ताई गेली आणि आली. तितकीच हळू, तितकीच नीट.

"राग नका मानू," त्या बाईने माझ्या आईला म्हटलं, "पर जरा साडी घोट्याच्या वर धरून चालू द्या पोरीला."

आईला राग यायचं कारणच नव्हतं. तेव्हाची ती रीतच होती. सगळेच बघायचे. पायात खोड आहे का, बोटं सरळ आहेत का, पाऊल सपाट आहे का. माझ्या आईलाही तसंच बघितलं होतं. ताईने साडी घोट्याच्या वर धरली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली. आता तर ती आणखी सावकाश चालली, कारण परीक्षा आता सुरू झाली असं तिला वाटलं असेल, असं मी धरून चालले होते. मुलाने मान खाली घातली आणि सतरंजीचे दोरे बघत राहिला.

"तुमी खो-खो सोडला का?" बहिणीने विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

"काहून?"

ताईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्या वतीने उत्तर दिलं. "आता घरात लक्ष घालते ती. खेळणं-बिळणं संपलं." ती मुलगी 'बरं' म्हणाली आणि पहिल्यांदा खाली बसली.

त्यांनी पोहे खाल्ले, पोह्यांची तारीफ केली, दुपारची एस.टी. गाठायची म्हणून उठले. निघताना त्या बाईने ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच मायेने. आई त्या हातावरून किती तरी दिवस आशा धरून होती. बाबा तर त्या संध्याकाळी गाणं गुणगुणत होते. म्हणाले, "नमुना पाठ झाला आज."

निरोप मामांच्या तोंडून आला. योग न्हाई म्हनले. आईने कारण विचारलं, तर मामा म्हणाले, "कारन कोन सांगतं बाई. योग न्हाई म्हनलं की संपलं." ताई तिथेच होती. आईला वाटलं, मुलाला पसंत पडली नसेल. बाबांना वाटलं, आपण जातीने, पगाराने, कशात तरी कमी पडलो, आणि मग ते म्हणाले की आपल्याच लोकांत जात कसली. ते उगाच बोलत राहिले. चूक कुठे झाली ते शोधताना ज्या जागी ती झाली होती तिथे त्यांनी बोटच ठेवलं नाही. तो भाग त्यांच्या मते उत्तम वठला होता.

पुढच्या वर्षी ताईचं लग्न मंठ्याकडच्या एका घरी झालं. माणसं वाईट नव्हती. भाऊजींनी तिला कधी अवाक्षराने दुखवलं नाही आणि घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण शेतीवाडीचं घर, माणसांचा राबता मोठा, आणि डी.एड.चा विषय काढला की सासू हसून म्हणायची, पोरं होऊ दे मंग बघू. पोरं झाली. बघितलं नाही. सासरी तिच्या चालीचं मात्र कौतुक झालं. पोर धिमी हाय, पाय मोजून टाकती. आई हे आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची. ताई माहेरी आली की मी वाट बघायची की आता तरी ती अंगण ओलांडताना एखादं पाऊल उचलेल. तिथे कुणी परकं नव्हतं. पण तो सराव पक्का झाला होता. बाबांनी शिकवलेलं सहसा कुणी विसरत नसे.

मला मात्र मॅट्रिकनंतर औरंगाबादला होस्टेलवर ठेवलं. आईने अवाक्षरही विरोध केला नाही. मी चालते कशी, बसते कशी, यावर त्या घरात नंतर कुणी ब्रही काढला नाही. लोकांना वाटतं धाकट्या मुलीचे लाड झाले. लाड नव्हते ते. त्याचं कारण एका उन्हाळ्यातली दुपार.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. ताई पहिल्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. पोर पाळण्यात झोपलं होतं, ताई ओसरीवर सुपात गहू घेऊन निवडत होती, आई तिच्या शेजारी आणि बाबा समोर बाजेवर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मामा आले. परतूरला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तिथूनच सरळ आले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दाजी, ती बाई भेटली मला मांडवात. परतूरची. आपली पोरगी पाह्यला आल्ती ती."

"काय म्हणते?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"लई बोलली मला. म्हनली, मामा, तुमी आमाला फसवून राह्यलते. पोरीचा पाय खेळात मोडल्ता आन तुमी तोंडातून काढलं न्हाई."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "कुणाचा पाय?"

"आपल्या ताईचा. म्हनली, आमी तर चपळ पोरगी पाहिजे म्हनून येवढ्या लांब आल्तो. माझे गुडघे असे, घरात कोनी तरी हलक्या पायाचं पाहिजे. माझ्या पोरीनं हट्ट धरल्ता, मैदानावर पाह्यली ती पोरगी वहिनी म्हनून आना, दुसरी नको. आन इथं आलो तर पोरगी टाच टेकून टेकून चालून राह्यली. आमाला काय कळंना का, म्हनली. दुखत्या पायाची मानसंच असं चालतात. बरं, खोड असती तरी केली असती, पर लपवलं ते मनाला लागलं."

मामांना गप्प बसणं जमेना म्हणून ते पुढे म्हणाले, "आता सून आनली त्यायनी घनसावंगीकडची. डी.एड. केलं तिनं. लागली बी शाळंवर. पाचवीला शिकवती म्हने."

बाबा बाजेवरून उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन बसले. त्यांच्या मांडीवरच्या उत्तरपत्रिका खाली पसरल्या होत्या. त्या त्यांनी उचलल्या नाहीत. त्यांनी मामांना विचारलं, "खोड असती तरी केली असती, असं म्हणाली?" मामांनी मान हलवली. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, तिला हा धक्का बसेल. ती गव्हातला खडा शोधून बाजूला टाकत होती.

"मला तवाच कळल्तं," ती म्हणाली.

आईचं रडं थांबलं. "काय कळल्तं?"

"त्या बाईनं साडी वर धरायला सांगितली ना, तवा. त्यायला वाटून राह्यलं होतं मी लंगडी हाय. त्यायची पोरगी रडायला आल्ती. मला वाटलं, साडी खोचावी आन दारापून लिंबापोत पळून दाखवावं. एकदा पाय उचलला बी होता."

"मंग पळाली काहून न्हाईस पोरी?" आईने विचारलं. "तुझं आयुष्य होतं ते."

ताईने सूप खाली ठेवलं. हाताला लागलेली धूळ साडीला पुसली.

"बाबा इतके खूश दिसून राह्यलते," ती म्हणाली. "मला बराबर जमलं म्हनून."

बाबा तिच्या समोरच बसले होते.